थयथयाटाचे चुकीचे निदान

दीड ते चार वर्षांच्या वयात थयथयाट करणे हा वाढीचा नेहमीचा भाग आहे. अमेरिकेतील मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दीड ते दोन वर्षांच्या 87 टक्के, अडीच ते तीन वर्षांच्या 91 टक्के आणि साडेतीन ते चार वर्षांच्या 59 टक्के मुलांमध्ये असे उद्रेक आढळले. या वयात कधीच लोळण न घेणारे मूल हाच अपवाद. काही मुलांच्या बाबतीत मात्र हे प्रसंग वारंवार येतात, लांबतात, आणि मोठ्यांना त्यांचे कारण अगदीच क्षुल्लक वाटते. पोळी अख्खी हवी होती आणि ती मोडली गेली, मोज्याची शिवण बोटाला टोचली, लिफ्टचे बटण दुसऱ्याच कुणी दाबले. अशा मुलाबद्दलचा निकाल घरात, सोसायटीत आणि लग्नकार्यात तयारच असतो. ‘डोक्यावर बसवून ठेवलंय’, ‘नाटकं आहेत सगळी’. या निकालातूनच तीन उपाय निघतात. एक ठेवून द्यायची, रडू द्यायचे किंवा हातात मोबाइल ठेवून विषय मिटवायचा. निदानच चुकीचे असल्याने तिन्ही उपाय चुकतात, आणि त्यांची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती अतिसंवेदनशील मुले.

‘अतिसंवेदनशील’ हे अलीकडचे फॅड आहे, लाडावलेपणाला दिलेले गोंडस नाव आहे, हा पहिला आक्षेप. मुले जन्मतःच वेगवेगळ्या घडणीची असतात हे निरीक्षण त्या नावाहून बरेच जुने आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. आवाज, उजेड, चव, स्पर्श यांना मूल किती लवकर आणि किती जोराने प्रतिसाद देते, यात तान्ह्या वयापासून फरक असतो, असे त्यांनी नोंदवले. इलेन एरन आणि आर्थर एरन यांनी 1997 मध्ये या गुणाचे मोजमाप मांडले. लंडनमधील मायकेल प्लूएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रौढांची जी विभागणी दाखवली, तीत साधारण 31 टक्के लोक जास्त संवेदनशील, 40 टक्के मध्यम आणि 29 टक्के कमी संवेदनशील निघाले. एल्हाम असारी यांच्या 2020 च्या जुळ्यांवरील अभ्यासात या गुणातील फरकाचा जवळजवळ निम्मा भाग, 47 टक्के, आनुवंशिक असल्याचे दिसले. ‘आईने लाडावून ठेवले’ हा आरोप त्यापुढे टिकत नाही. तो नेमका आईवरच का येतो, हाही प्रश्न विचारायला हवा. त्याच मुलाच्या वडिलांना कुणी नोकरी सोडून घरी बसायला सांगत नाही.

आक्षेपातला खरा भाग मात्र मान्य केला पाहिजे. संवेदनशीलता हा आजार नाही, ती कोणत्याही वैद्यकीय यादीत निदान म्हणून नोंदलेली नाही, आणि तिची सीमारेषा कुठे पडते हे काटेकोरपणे सांगता येत नाही. उंचीसारखाच हा कमी-जास्त प्रमाणात सर्वांत असणारा गुण आहे. त्यामुळे ‘आमचा मुलगा संवेदनशील आहे’ एवढे सांगून पालकांची सुटका होत नाही. मूल असे का वागते याचा शोध कुठून सुरू करायचा, एवढेच त्यावरून कळते.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे दुसरे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. फ्लोरेन्स गुडइनफ यांनी 1931 मध्ये मिनेसोटातील 45 मुलांच्या आयांकडून रागाच्या प्रत्येक प्रसंगाची नोंदवही लिहून घेतली होती आणि 1,800 हून अधिक प्रसंग तपासले होते. जेवणाच्या थोडे आधी, सर्दी किंवा बद्धकोष्ठ असताना आणि घरी पाहुणे आले की उद्रेक वाढतात, असे त्या नोंदींतून दिसले. मोबाइल नव्हता, मॉल नव्हते, ‘आजकालचे पालक’ही नव्हते. मुले तेव्हाही भुकेने, थकव्याने आणि गर्दीने कोलमडत होती. फरक इतकाच की त्या वह्यांमध्ये उद्रेकाच्या आधीचे तास लिहिले गेले होते, आणि निकाल देणारे नातलग फक्त शेवटची दोन मिनिटे पाहतात.

ते तास कसे जातात हे मंगल कार्यालयात स्पष्ट दिसते. तीन वर्षांची मुलगी सकाळी सहाला उठवली जाते, अर्धवट झोपेत आंघोळ होते. अंगावर जरीचा परकर-पोलका चढतो, त्याच्या काठाने काखेत आणि मानेवर करकचते. केस ओढून अंबाडा, वर पिना आणि गजरा. कार्यालयात सनईची ध्वनिफीत स्पीकरच्या सर्वांत वरच्या आवाजावर, हॉलभर अत्तर आणि फोडणीचा वास. दहा अनोळखी माणसे गाल ओढतात, चार जण उचलून घेतात, कुणीतरी ‘काकूला पापी दे’ म्हणून मागे लागते. दुपारची झोप बुडते, जेवण दीडला. ती पहिल्या तासात दोनदा ‘घरी’ म्हणते, मग बोट चोखू लागते, मग आईच्या पदरात तोंड लपवते. हे तिन्ही इशारे कुणी वाचत नाही. पंगतीत वाढपी तिच्या भातावर वरण ओततो, तिला ते वेगळे हवे असते, आणि ती ताटाला लाथ मारून जमिनीवर आडवी होते. शेजारच्या पाटावरचे म्हणतात, ‘वरणावरून एवढं?’ वरणावरून नव्हेच. सकाळपासून साचलेले वरणाच्या निमित्ताने बाहेर पडले.

अनेक पारंपरिक घरांत अशा समारंभानंतर संध्याकाळी मुलाची दृष्ट काढली जाते. गर्दीतून आलेले मूल रात्री किरकिरते, हे निरीक्षण पिढ्यान्पिढ्यांचे आणि अचूक आहे. कारण कुणाची नजर नसून आवाज, स्पर्श आणि बुडालेली झोप आहे. तरी त्या विधीत एक गोष्ट आपोआप घडते. मूल गर्दीतून बाजूला नेले जाते, ओळखीच्या मांडीवर बसते, आणि एकच माणूस त्याच्यासमोर शांतपणे, हलक्या आवाजात काहीतरी करत असतो. मूल त्यानंतर निवळते, त्यात मीठ-मोहरीचा वाटा नाही, पण आजीचा आहे.

उद्रेकाची आतली रचना समजली की उपायांची चर्चा सोपी होते. पोटेगल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तीन-चतुर्थांश उद्रेक पाच मिनिटांत किंवा त्याआधी संपले होते. त्यांत दोन भावना एकत्र वाहतात. राग सुरुवातीलाच, ओरडणे आणि लाथा मारणे यांच्या रूपाने, शिगेला पोहोचतो आणि उतरत जातो. दुःख, म्हणजे रडणे आणि कुणाला तरी बिलगू पाहणे, शेवटाकडे उरते. पहिल्या अर्ध्या मिनिटात मूल पाय आपटते किंवा जमिनीवर पडते तेव्हा उद्रेक उलट लवकर आटोपण्याची शक्यता जास्त असते, असेही त्यांना दिसले. म्हणजे पाहणाऱ्याला सर्वांत भीषण वाटणारा क्षण बहुधा उताराच्या जवळचा असतो, आणि नेमका त्याच क्षणी हात उगारला जातो.

फटक्याच्या बाजूने एकच युक्तिवाद सातत्याने होतो, तो म्हणजे मूल लगेच गप्प बसते. बसते हे खरे. भीतीने दचकलेले मूल रडणे तोडते, पण जी गोष्ट सहन झाली नाही ती सहन कशी करावी, हे त्याला फटका शिकवत नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये 75 अभ्यास, सुमारे 1 लाख 60 हजार मुलांची माहिती, एकत्र करून तपासली. मारण्याचा संबंध वाढत्या आक्रमकतेशी, वर्तनाच्या अडचणींशी आणि पालकांशी बिघडलेल्या नात्याशी निघाला. मुलाचे वागणे पुढे सुधारल्याचे एकाही निकषावर दिसले नाही. अशा अभ्यासांत कारण आणि परिणाम पूर्ण वेगळे काढता येत नाहीत, कारण जास्त त्रास देणारी मुले जास्त मार खातात. पण मारण्याचा फायदा दाखवण्याची जबाबदारी मारणाऱ्याच्या बाजूची आहे, आणि ती बाजू रिकाम्या हाताने उभी आहे. ज्या मुलाला मोज्याची शिवण सहन होत नाही त्याला मार दुप्पट लागतो, आणि मारणाऱ्याचा चेहरा त्याहून जास्त लागतो.

महाराष्ट्रात या ठिकाणी 1935 च्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा दाखला दिला जातो. पोहायला घाबरणाऱ्या हळव्या श्यामला आईने मारूनच विहिरीवर पाठवले होते ना, मग? तो श्याम भाषा, कारण आणि शरम समजणारा शाळकरी मुलगा होता. लोळण घेतलेले अडीच वर्षांचे मूल त्या अवस्थेत यातले काहीच समजत नाही. आणि त्या पुस्तकातून मराठी घरांनी उचलायचेच असेल तर पानोपानी भरलेली आईची समजूत घालण्याची हातोटी उचलावी, एक मारलेला फटका कशाला? याच महाराष्ट्र-गुजरातच्या पट्ट्यात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1920 च्या दशकापासून मुलांना मारू नका, धाक घालू नका, असे पालकांना आणि शिक्षकांना अखंड सांगितले. म्हणजे हा विचार परदेशातून नुकताच आयात झालेला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. बालवाडीतल्या बाईंनी केले तर ज्यावर पालक तक्रार घेऊन जातील, ते घरी शिस्त म्हणून चालते.

दुर्लक्षाचा उपाय फटक्यापेक्षा सभ्य आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही सांगितला जातो, म्हणून त्याचा प्रतिवाद अधिक सावधपणे करावा लागतो. या सल्ल्यामागे बहुतेक वेळा उभा असतो 1959 चा एक छोटा निबंध. कार्ल विल्यम्स यांनी 21 महिन्यांच्या एका मुलाची हकीकत त्यात दिली आहे. मूल पहिले दीड वर्ष गंभीर आजारी होते आणि त्या काळात त्याला सतत कुणीतरी जवळ लागत असे. बरे झाल्यावरही झोपवणारा माणूस खोलीबाहेर पडला की ते आकांत करी, आणि घरच्यांना ते झोपेपर्यंत अर्धा ते दोन तास बसून राहावे लागे. मग ठरले की त्याला निवांत, प्रेमाने झोपवायचे, दार लावायचे आणि परत यायचे नाही. पहिल्या वेळी मूल 45 मिनिटे रडले. दहाव्या वेळेपर्यंत रडणे थांबले होते. आठवड्याभराने घरातली एक नातलग बाई, मूल कुरकुरल्यावर, ते झोपेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली, आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. पुढे दोन वर्षे तक्रार आली नाही.

हकीकत खरी आहे आणि तिच्यातून जे शिकायचे ते शिकायलाच हवे. रडण्यातून मिळणारा लाभ बंद झाला की त्या लाभासाठीचे रडणे थांबते, आणि घरातल्या एकानेही नियम मोडला तर ते पुन्हा सुरू होते. पण तिची व्याप्ती पाहावी. एकच मूल, एकच प्रसंग, आणि स्पष्ट लाभ, म्हणजे जवळ बसलेला माणूस. ढोल-ताशाच्या आवाजाने कोलमडलेल्या मुलाच्या रडण्यामागे काढून घेण्याजोगा लाभच नसतो. तिथे पाठ फिरवली तर ढोल वाजतच राहतो आणि माणूस मात्र निघून जातो. शिवाय ज्या दुःखाच्या टप्प्यात मूल बिलगायला येते, त्या टप्प्यावर त्याला दूर ठेवण्याचा आधार त्या निबंधात कुठेही नाही. वर्तनवादाचे जनक जॉन वॉटसन यांनी 1928 च्या पालकांसाठीच्या पुस्तकात मुलांना कवटाळू नका, त्यांचे पापे घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला होता. आज तो कुणालाही विचित्र वाटेल. ‘रडून रडून गप्प बसेल, बघू नका तिकडे’ हा सरसकट सल्ला त्याच घराण्यातला आहे.

दुर्लक्ष करायचेच तर ते वागण्याच्या एका भागाकडे करावे. जे मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून कोण पाहते ते बघत, चॉकलेटच्या दुकानासमोरच आडवे होते आणि चॉकलेट मिळताच क्षणात हसते, त्याच्या ओरडण्याला दाद देऊ नये. जे मूल मागितलेली वस्तू दिली तरी थांबत नाही, ती फेकून देते, स्वतःला लागते आहे याचेही भान ज्याला नाही, त्याचा उद्रेक मागणीचा राहिलेला नसतो. अनेकदा एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते, आणि पालकांना दोन्ही एकाच संध्याकाळी हाताळावी लागतात. अवघड आहे, पण सगळ्यांना एकच औषध देण्यापेक्षा हे ओळखायला शिकणे बरे.

तिसरा उपाय मोबाइलचा, आणि त्याच्याच जातीचे चॉकलेट, ‘बरं बाबा, घे’ वगैरे. ओरेगॉनमधील जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून केलेल्या निरीक्षणांतून 1982 मध्ये दाखवले की अशा देवाणघेवाणीत दोघेही शिकतात. मूल शिकते की ओरडले की मिळते. पालक शिकतात की दिले की सुटका होते. दुसऱ्या दिवशी दोघेही तेच लवकर करतात. मिशिगनमधील जेनी रडेस्की यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा पाठपुरावा केला. शांत करण्यासाठी वारंवार मोबाइल दिल्या जाणाऱ्या मुलांमध्ये काही महिन्यांनी भावनिक उसळी वाढलेली दिसली, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि मुळातच उसळत्या स्वभावाच्या मुलांमध्ये. कारण उघड आहे. स्वतःला सावरण्याचा सराव ज्या क्षणी व्हायचा, तो क्षणच पडद्याने गिळला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, अशी मर्यादा घातली आहे. थयथयाटावरचे औषध म्हणून तो तास राखून ठेवणे हा त्याचा सर्वांत वाईट वापर.

संवेदनशीलतेचे नाव घेणाऱ्या काही पालकांनी काढलेला ‘अशा मुलाला नाही म्हणायचंच नाही’ हा निष्कर्षही इथेच फेटाळला पाहिजे. फ्रांचेस्का लिओनेत्ती, प्लूएस आणि एरन यांनी 2019 मध्ये तीन वर्षांच्या मुलांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून मांडले की मर्यादाच न घालणाऱ्या पालकत्वाचा फटका जास्त संवेदनशील मुलांना अधिक बसतो. प्रेमळ पण ठाम पालकत्वाचा लाभही त्यांनाच अधिक होतो. हार्वर्डचे जेरोम केगन यांच्या गटालाही दिसले होते की तान्हेपणी चटकन दचकणाऱ्या मुलांना अती जपले तर ती दोन वर्षांची होईपर्यंत जास्त भित्री होतात. हळव्या मुलाला मर्यादा हवीच असते, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असणे हाच त्याचा मोठा आधार असतो.

मग करायचे काय? सर्वांत जास्त काम उद्रेकाच्या आधीचे आहे, आणि ते कंटाळवाणे आहे. गुडइनफ यांच्या आयांप्रमाणे दोन आठवडे साधी वही ठेवावी. वेळ, जागा, आधी काय खाल्ले, किती झोपले, कोण होते. बहुतेक घरांत त्या वहीतून दोन-तीन ठरावीक सापळे बाहेर पडतात. संध्याकाळी पाळणाघरातून आणल्यावरचा पहिला अर्धा तास हा त्यांतला हमखास. त्या वेळी प्रश्नांची सरबत्ती नको, बाजारात थांबणे नको. आधी खाणे आणि शांतता. कपड्याची लेबले कापावीत, शिवण टोचणारे मोजे उलटे घालावेत. खेळ थांबवण्याआधी ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी’ असे सांगावे आणि दोनदा झाल्यावर खरोखर निघावे. समारंभाला जावे, पण मुलीला सुती कपड्यात न्यावे, जेवण आधी द्यावे, वरच्या खोलीत झोपायची सोय करावी आणि अक्षता पडल्या की निघावे. नातलग रागावतील, तो राग मोठ्या माणसांचा आहे आणि त्यांना तो सांभाळता येतो.

‘जग काही त्याच्यासाठी आवाज कमी करणार नाही’ हा यावरचा हुकमी टोला. खरेच नाही करणार. म्हणून ढोल टाळायचा नसतो, त्याची सवय पायरीपायरीने करायची असते. पहिल्या वर्षी गॅलरीतून मिरवणूक, मग गल्लीच्या तोंडाशी कडेवर, कानांवर हात ठेवायला शिकवून, आणि ‘पुरे’ म्हटले की परत. ज्याला ‘पुरे’ म्हणता येते आणि ते ऐकले जाते, त्या मुलाला लोळण घेण्याची गरज कमी पडते.

उद्रेक चालू असताना शिकवण्यासारखे काहीच नसते. एकाच मोठ्या माणसाने पुढे व्हावे, बाकीच्यांनी बाजूला सरावे. टोकदार वस्तू दूर, उजेड आणि आवाज कमी, आपण खाली बसावे. बोलणे चार-पाच शब्दांचे: ‘मी इथेच आहे.’ ‘का रडतोस, सांग’ हा प्रश्न त्या क्षणी फक्त भार वाढवतो. बिलगले तर जवळ घ्यावे, ढकलले तर हातभर अंतरावर थांबावे. दिलेला नकार मात्र तसाच राहतो. मांडी मिळते, चॉकलेट नाही. शांत झाल्यावर पाणी, थोडा वेळ, आणि मग दोनच वाक्ये: खूप आवाज होता, तुला सहन झाला नाही, पुढच्या वेळी माझा हात ओढ. ही वाक्ये दुसऱ्या दिवशी, खेळताना, बाहुलीच्या निमित्ताने पुन्हा यावीत. घरातल्या आजी-आजोबांना आणि पाळणाघरातल्या ताईंना हाच क्रम माहीत असला पाहिजे, नाहीतर विल्यम्स यांच्या हकीकतीतल्या नातलग बाईची पुनरावृत्ती ठरलेली.

प्रत्येक उद्रेक संवेदनशीलतेच्या खात्यावर टाकणे हेही चुकीचे निदानच. अँडी बेल्डन आणि जोन ल्यूबी यांच्या गटाने 2008 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी धोक्याच्या खुणा मांडल्या. मूल स्वतःला इजा करते, बहुतेक उद्रेकांत माणसांवर किंवा वस्तूंवर हल्ला करते, उद्रेक सरासरी 25 मिनिटांहून लांबतात, अनेक दिवस दिवसातून पाचाहून अधिक वेळा येतात किंवा मूल दुसऱ्याच्या मदतीशिवाय कधीच शांत होत नाही, तर तपासणी हवी. बोलणे उशिरा येणे, हाकेला न वळणे, नजरेला नजर न देणे हीही कारणे पुरेशी आहेत. रडता रडता श्वास अडकून मूल निळे पडत असेल तर रक्तातील लोह तपासून घ्यावे. या श्वास अडकण्याचा लोहाच्या कमतरतेशी संबंध आहे, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांची 67.1 टक्के भारतीय मुले रक्तक्षयी आढळली. ही तपासणी महाग खासगी दवाखान्यातच होते असे नाही. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत आहेत.